विस्कोक आणि घेण्याची रीत

नुकतंच पाडलेलं ब्लॅक ॲशचं खोड आडवं ठेवायचं, साल तासून काढायची आणि कुऱ्हाडीच्या मागच्या बोथट बाजूने बुडख्याकडून शेंड्याकडे ठोके देत जायचं. प्रत्येक ठोका आधीच्या ठोक्यावर थोडा चढला पाहिजे, मध्ये जागा सुटता कामा नये. एक रांग संपली की तीच पुन्हा. मग टोकाशी लाकडाची कड उचलली जाते. ती बोटांत धरून ओढली की खोडाच्या लांबीएवढी पट्टी सोलून हातात येते. करवत लागत नाही, रंधा लागत नाही. ती पट्टी म्हणजे त्या झाडाने एका वर्षात धरलेलं लाकूड, ना कमी ना जास्त.

दुसऱ्या कुठल्या झाडावर असं ठोकत बसलं तर लाकूड नुसतं चेचलं जाईल. ब्लॅक ॲशमध्ये वसंतात तयार होणारा थर मोठाल्या नळ्यांचा, पोकळ आणि कमजोर असतो, तर त्यावर चढणारा उन्हाळी थर घट्ट. ठोके पडले की पोकळ थराचा चुरा होतो आणि घट्ट थर मोकळा होतो. मिगमाक भाषेत या झाडाचं नाव विस्कोक. कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरच्या मिगमाक लोकांच्या बटाट्याच्या, मासळीच्या, कपड्यांच्या टोपल्या पिढ्यानपिढ्या याच पट्ट्यांच्या विणल्या गेल्या.

आदिवासींच्या नेतृत्वाखालचं संवर्धन या विषयावर बोलणं फार लवकर हवेत जातं. ‘निसर्गाशी एकरूप’ वगैरे शब्द सुरू झाले की खाली नेमकं काय केलं जातं ते कळेनासं होतं. म्हणून इथे मुख्यतः एकाच झाडाबद्दल लिहितो आहे. जिथे त्याच्यावरून मुद्दा निघेल तिथे हरणं, मासे आणि कायदे येतील.

आधी जागा. मिगमाकांच्या भूमीचं नाव मिगमागी. आजच्या नकाशावर ती नोव्हा स्कोशिया, प्रिन्स एडवर्ड आयलंड, न्यू ब्रन्सविकचा मोठा भाग, क्युबेकमधलं गास्पे द्वीपकल्प आणि न्यूफाउंडलंड अशी पसरलेली आहे. जुने जिल्हे सात, त्यांतला उत्तरेचा गेस्पेगेवागी, म्हणजे शेवटचा प्रदेश. रोमन लिपीत या लोकांचं नाव कुठे ‘क’ने तर कुठे ‘ग’ने लिहिलेलं दिसतं. नोव्हा स्कोशियाच्या लेखनपद्धतीत ‘क’ आहे, गास्पेकडच्या लिस्तुगुजच्या पद्धतीत ‘ग’. लोक तेच, भाषा तीच. या भाषेत दोन स्वरांमधला ‘क’ आपल्या कानाला ‘ग’च वाटतो, म्हणून देवनागरीत मी ऐकू येतं तसं लिहिलं आहे.

ब्रिटिश राजसत्तेशी मिगमाकांचे जे करार झाले, १७२५-२६चा, १७५२चा आणि १७६०-६१चे, ते शांततेचे आणि मैत्रीचे होते. त्यांत जमीन दिलेली नाही. ही गोष्ट सुरुवातीलाच लक्षात ठेवलेली बरी, कारण ‘इथलं जंगल कोणी राखायचं’ या प्रश्नामागे तिथे नेहमी ‘इथे ठरवण्याचा अधिकार कोणाचा’ हा दुसरा प्रश्न उभा असतो.

मिगमाक विचारातला मधला शब्द नेदुगुलिम्क. त्याचं भाषांतर सरसकट ‘शाश्वत वापर’ असं केलं जातं. चूक नाही, पण त्यात शब्दाचा अर्धा जीव जातो. नेदुगुलिम्कमध्ये आधी आपला आणि आपल्या माणसांचा चरितार्थ येतो: निर्मात्याने जे दिलं आहे त्यावर नीट जगायचं. मग अट येते, की हे करताना त्या जागेची विविधता, तिचा अखंडपणा आणि तिची देण्याची ताकद कमी होता कामा नये. घेणं वगळलं तर हा शब्द उरतच नाही. त्याच्या जोडीला म्सित नोगमाक, ‘माझे सगळे नातलग’, आणि त्यात झाड, मासा, मूस नावाचं मोठं हरीण हे सगळे मोजलेले. नातलग म्हटला की त्याच्याकडे येणं-जाणं ठेवावं लागतं. कुंपण घालून ‘आत जाऊ नका’ अशी पाटी लावली की नातं राखलं जात नाही, तुटतं.

प्रत्यक्षात याचे नियम साधे आहेत. तोडण्याआधी चिमूटभर तंबाखू ठेवायची. लागेल तेवढंच घ्यायचं आणि घेतलेलं वाया घालवायचं नाही. जिथे विरळ झालं आहे तिथे हात लावायचा नाही. मिळालेलं वाटायचं, त्यातही वडीलधाऱ्यांचा वाटा आधी. हे वाचून कोणी ‘श्रद्धा’ म्हणून बाजूला ठेवेल, पण ‘विरळ झालं आहे’ हे कळायला आधी मोजावं लागतं, दरवर्षी जाऊन बघावं लागतं. विस्कोकच्या बाबतीत ही मोजणी कशी होते ते बघण्यासारखं आहे.

पहिली अडचण ओळखण्याची. त्याच भागात पांढरा ॲशही वाढतो आणि नवख्या माणसाची गल्लत होते. विस्कोकच्या संयुक्त पानात साधारण ७ ते ११ पर्णिका असतात आणि टोकाची सोडली तर बाकीच्यांना देठ नसतो, त्या थेट मधल्या दांड्याला चिकटलेल्या असतात. चिकटतात तिथे तांबूस लव असते. पांढऱ्या ॲशच्या पर्णिकांना छोटा पण स्पष्ट देठ असतो. साल बुचासारखी मऊ, अंगठ्याने चोळली तर भुगा होऊन पडते; पांढऱ्या ॲशची साल कडक आणि चौकटीचौकटीत चिरलेली. पानं गळल्यावर फांदीचं टोक बघायचं: विस्कोकचा शेंड्याचा कळा गडद, जवळजवळ काळा असतो आणि त्याच्या खालची कळ्यांची जोडी त्याला लागून नसते, मध्ये जागा सुटलेली असते. आणि पाय ओले होत नसतील अशा जागी विस्कोक शोधू नये. दलदलीची कड, ओढ्याकाठची सखल जमीन हीच त्याची जागा.

ओळखलं म्हणजे काम झालं नाही, कारण टोपलीला चालणारं झाड दुर्मीळ. खोड सरळ हवं आणि त्याला पीळ नको. सालीच्या चिरा खोडाभोवती वळत गेलेल्या दिसल्या की आतलं लाकूडही वळलेलं समजायचं, पट्टी तिरकी सुटते आणि तुटते. खालचे दोन-अडीच मीटर तरी फांद्या नकोत. प्रत्येक गाठीशी पट्टी भोक घेऊन येते. मग एक छोटी खाच पाडून वलयं बघायची. नाण्याच्या जाडीएवढी, एकसारखी वलयं उत्तम. कागदासारखी पातळ असतील तर ठोकताना दोन-तीन वर्षं एकत्र चिकटून येतात आणि वाकवली की मोडतात. फार जाड असली तर पट्टी पुन्हा उभी चिरून दोन कराव्या लागतात, ते चालतं. दलदलभर फिरून बहुतेक झाडं बाद होतात.

आता हेच दुसऱ्या बाजूने बघा. टोपलीवाला एक झाड घेण्यासाठी जी पायपीट करतो ती सर्वेक्षणच असते. त्याला झाडांची संख्या कळते, रोपं किती आहेत ते कळतं, आणि वलयांत गेल्या वीस-तीस वर्षांचा पाण्याचा हिशेब दिसतो. बाहेरची पाच-सात वलयं अचानक बारीक झाली असतील तर कुठेतरी पाणी अडलं किंवा तुटलं आहे. पुष्कळदा कारण अगदी क्षुल्लक निघतं: जंगलरस्त्याखालची मोरी पालापाचोळ्याने तुंबलेली असते. वरच्या बाजूला पाणी साचून मुळं गुदमरतात, खालच्या बाजूला जमीन सुकते, आणि एकाच रस्त्याच्या दोन्ही कडांची झाडं उलट्या कारणांनी मरतात. मोरी साफ करायला एक दिवस लागतो. ती तुंबली आहे हे कळायला मात्र तिथे कोणीतरी नेमाने जावं लागतं.

नोव्हा स्कोशियाने २०१३मध्ये ब्लॅक ॲश संकटग्रस्त म्हणून नोंदवला, आणि २०१८मध्ये वन्यजीवांची स्थिती तपासणाऱ्या राष्ट्रीय समितीनेही देशभरासाठी तोच निष्कर्ष काढला. नोंद हवीच होती. पण अशा नोंदीची स्वाभाविक दिशा ‘तोडू नका’ अशी असते. टोपली विणणाऱ्याला दलदलीत जायचं कारणच उरलं नाही तर झाड ओळखणारे डोळे एका पिढीत कमी होतात. मग यादीत झाड राहतं, पण ते कुठे, कसं आहे ते सांगणारं कोणी राहत नाही.

त्याच २०१८ साली एमरल्ड ॲश बोरर हा खोडकिडा आधी न्यू ब्रन्सविकमधल्या एडमंडस्टनला आणि मग हॅलिफॅक्सजवळ बेडफर्डला सापडला. पूर्व आशियातला हा हिरवा चकचकीत भुंगेरा लांबीला जेमतेम दीड सेंटिमीटर. २००२मध्ये तो पहिल्यांदा डेट्रॉइट-विंडसर भागात नोंदला गेला, आणि तिथून जळाऊ लाकडाच्या गाड्यांतून त्याने खंड काबीज करायला घेतला. प्रौढ किडा पानं कुरतडतो, त्याने फारसं बिघडत नाही. मारते ती अळी. साल आणि लाकूड यांच्यामध्ये ती नागमोडी बोगदे पाडते, अन्नरसाच्या वाहिन्या तुटतात आणि झाड वरून वाळत येतं.

लक्षणं दिसतात तोवर उशीर झालेला असतो. शेंडा विरळ होणं, बुंध्याशी फुटव्यांचा झुबका येणं, सुतारपक्ष्याने साल सोलून खोडावर फिकट चट्टे पाडणं, आणि इंग्रजी ‘डी’ अक्षराच्या आकाराची ३-४ मिलिमीटरची भोकं. भोक गोल असेल तर तो दुसरा किडा, घाबरायचं कारण नाही. आधीच शोधायचं असेल तर फांदी सोलण्याची पद्धत आहे, कॅनडाच्या वनसंशोधकांनी बसवलेली. पानगळीपासून वसंतापर्यंत, झाडाच्या मधल्या उंचीवरच्या ५ ते ८ सेंटिमीटर जाडीच्या दोन फांद्या कापायच्या आणि खोडाकडचा ५० सेंटिमीटरचा भाग धारदार सुरीने थराथराने सोलायचा. एकदम खोल सोललं तर बोगदा सालीबरोबरच निघून जातो आणि काहीच नव्हतं असं वाटतं. ही सगळ्यात नेहमीची चूक.

उपाय थोडे आहेत आणि कोणताच पूर्ण नाही. किड्याच्या मूळ प्रदेशातल्या, त्याच्या अळीवर आणि अंड्यांवर वाढणाऱ्या बारीक गांधीलमाश्या कॅनडात २०१३पासून सोडल्या जात आहेत. त्यांची संख्या वाढायला वर्षं लागतात. खोडात टोचायचं ट्रीअझिन नावाचं औषध आहे, त्यातला घटक ॲझाडिरॅक्टिन. म्हणजे आपली निंबोळी! पण ते दर दोन वर्षांनी प्रत्येक खोडाला टोचावं लागतं. बी धरणारी निवडक मातृवृक्षं वाचवायला ते ठीक, अख्खी दलदल टोचत बसणं कोणाला परवडणार नाही.

लागण असलेल्या भागातून ॲशचं लाकूड आणि कोणतंही जळण बाहेर नेण्यावर कॅनडाच्या अन्न तपासणी संस्थेचे निर्बंध आहेत. निर्बंध योग्यच, पण फटका टोपलीवाल्यालाही बसतो: झाड रेषेच्या अलीकडे, विणणारे पलीकडे. इथे जुनी सवय कामाला आली. ॲशचं खोड सुकलं की थर सुटत नाहीत, म्हणून ते लगेच ठोकायचं नसेल तर ओढ्यात किंवा तळ्यात बुडवून ठेवतात. अमेरिकेत आदिवासी टोपलीकारांना बरोबर घेऊन याच रीतीचे प्रयोग झाले. हिवाळ्यात १८ आठवडे किंवा वसंतात १४ आठवडे खोड पूर्ण पाण्याखाली राहिलं तर आतल्या अळ्या मरतात आणि पट्टी मात्र चांगली सुटते. ‘पूर्ण’ हा शब्द महत्त्वाचा. खोड तरंगतं. वर राहिलेल्या कडेतली अळी जगते, म्हणून दगड किंवा साखळीने ते दाबून ठेवावं लागतं.

एस्कासोनी या मिगमाक गावचे वडीलधारे अल्बर्ट मार्शल यांनी २००४मध्ये ज्याला एदुआप्तमुम्क, दोन डोळ्यांनी पाहणं, असं नाव दिलं ते हेच. एका डोळ्याने आदिवासी ज्ञानाची ताकद बघायची, दुसऱ्याने पाश्चात्त्य विज्ञानाची, आणि दोन्ही डोळे सगळ्यांच्या भल्यासाठी वापरायचे. अलीकडे हा शब्द सरकारी अहवालांच्या पहिल्या पानावर शोभेला लावायची पद्धत पडली आहे. एक चाचणी सोपी: मिगमाक डोळ्याने दिसलेल्या गोष्टीमुळे कामाचा निर्णय कुठे बदलला का? बदलला नसेल तर एकच डोळा उघडा होता.

‘हात लावू नका’ पद्धतीचं काय होतं याचं ठळक उदाहरण केप ब्रेटन बेटावर, मिगमाक नावाने उनामागीला, मिळतं. तिथले मूळचे मूस शिकारीने संपले होते. १९३६मध्ये केप ब्रेटन हायलंड्स राष्ट्रीय उद्यान झालं आणि १९४७-४८मध्ये आल्बर्टातून १८ मूस आणून सोडले. मूस म्हणजे हरणाच्या जातीतला सगळ्यात मोठा प्राणी, घोड्याहून उंच. शिकारीला बंदी, लांडगे नाहीत. पुढे सत्तरच्या दशकाच्या अखेरीस स्प्रूस बडवर्म या अळीने बाल्सम फर या झाडांची जंगलं उभीच्या उभी मारली. एरवी अशा मरणानंतर जंगल रोपांतून पुन्हा उठतं. इथे ती रोपं मुसांनी खाल्ली, मुबलक चाऱ्यावर मूस वाढले, आणि वाढलेल्या मुसांनी पुढचीही रोपं खाल्ली. जंगलाच्या जागी गवताची माळरानं झाली. गवत दाट झालं की बी मातीपर्यंत पोचतच नाही, त्यामुळे मूस कमी केले तरी झाडं आपोआप परत येत नाहीत.

२०१५पासून काही वर्षं राष्ट्रीय उद्यानं सांभाळणारी सरकारी संस्था पार्क्स कॅनडा आणि मिगमाकांची संस्था उनामागी इन्स्टिट्यूट ऑफ नॅचरल रिसोर्सेस यांनी मिळून नॉर्थ माउंटनवर सुमारे २० चौरस किलोमीटरच्या पट्ट्यात मिगमाक शिकाऱ्यांकडून मूस कमी करवले, मांस वाटलं, जोडीला कुंपणाचे तुकडे आणि रोपलागवड केली. उद्यानात बंदुका म्हणून विरोधही झाला. कुंपणाचा उपयोग इथे वेगळाच होता: आत आणि बाहेर काय उगवतं याची तुलना. बाहेर फरची रोपं गुडघ्याएवढी, टोकं खुडलेली, आणि आत तीच माना वर काढतात, हे एकदा डोळ्यांनी दिसलं की ‘निसर्गाला निसर्गावर सोडा’ या म्हणण्याचा जोर ओसरतो. लांडगा नसलेल्या बेटावर शिकाऱ्यालाही काढून घेतलं की उरलेलं जंगल नैसर्गिक म्हणायचं कसं?

शिकारी म्हटला की नियम कोणाचे हा प्रश्न येतोच. रेस्टिगूश नदीच्या मुखाशी वसलेल्या लिस्तुगुज या मिगमाक गावावर ११ आणि २० जून १९८१ला क्युबेकच्या पोलिसांनी धाडी घातल्या, सामन माशांची जाळी जप्त केली, माणसं पकडली. कारण दिलं संवर्धनाचं. लिस्तुगुजने १९९३मध्ये मासेमारीचा स्वतःचा कायदा केला आणि तो राबवायला स्वतःचे रेंजर नेमले. पुढे २०१९मध्ये लॉबस्टरसाठीही असाच कायदा झाला. कागदापेक्षा इथे पाळणूक बघावी. जाळं कोणाचं, ते केव्हा पाण्यात गेलं, केव्हा निघालं, किती मासे लागले हे विचारणारा माणूस गावचाच असतो, आणि त्याला उत्तर द्यायला लोकांना कमीपणा वाटत नाही.

न्यायालयांतही गाडी हळूहळू इथेच आली. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९९०च्या स्पॅरो निकालाने क्रम घालून दिला: आधी संवर्धन, मग आदिवासींचा अन्नासाठी आणि विधींसाठीचा हक्क, मग बाकीचे. ऑगस्ट १९९३मध्ये डॉनल्ड मार्शल ज्युनियर या मिगमाक गृहस्थांनी नोव्हा स्कोशियातल्या पॉमकेट बंदरात ४६३ पौंड ईल मासे पकडून ७८७ डॉलर १० सेंटला विकले आणि त्यांच्यावर खटला झाला. १७ सप्टेंबर १९९९ला सर्वोच्च न्यायालयाने १७६०-६१च्या करारांचा आधार घेऊन त्यांना सोडलं आणि ‘माफक उपजीविके’पुरतं पकडून विकण्याचा हक्क मान्य केला. त्याच नोव्हेंबरमध्ये न्यायालयाने खुलासाही केला, की सबळ कारण दाखवलं तर संवर्धनासाठी सरकार या हक्काचं नियमन करू शकतं. ‘माफक’ म्हणजे किती, यावर अजून भांडण आहे. सप्टेंबर २०२०मध्ये सिपेक्नेगातिक या नोव्हा स्कोशियातल्या मिगमाक समाजाने सेंट मेरीज बेमध्ये स्वतःच्या परवान्यांवर लॉबस्टर धरायला सुरुवात केली तेव्हा ते किती चिघळू शकतं हे सगळ्या देशाने पाहिलं.

गावच्या रखवालदारांना कॅनडात गार्डियन म्हणतात. त्यांच्या कामाचा मोठा भाग कंटाळवाणा असतो, आणि तो तसाच असायला हवा. उदाहरणार्थ सामनच्या ओढ्याचं तापमान. पाणी २० अंश सेल्सियसच्या वर चढलं की सामनला त्रास सुरू होतो आणि तो झऱ्याच्या गार पाण्याकडे सरकतो. हे गार कोपरे शोधायला बोटाएवढे तापमाननोंदक पाण्यात ठेवतात, तासाला एक नोंद. ठेवण्याआधी सगळे एकत्र बर्फाच्या पाण्यात बुडवून शून्य दाखवतात का ते बघायचं. भोकं पाडलेल्या पांढऱ्या पाइपच्या तुकड्यात बसवून, लोखंडी सळईला बांधून, वाहत्या आणि सावलीतल्या पाण्यात ठोकायचे. पुरात ते गाळात गाडले गेले तर आलेख संशयास्पद सपाट येतो. ऑगस्टमध्ये पाणी उतरून उघडे पडले तर दुपारी तीस अंश आणि पहाटे आठ दाखवतात, ते हवेचं तापमान असतं. महिन्यातून एकदा जाऊन बघितलं नाही तर अख्खा हंगाम वाया.

या नोंदी कोणाच्या, हा कळीचा मुद्दा. कॅनडातले आदिवासी समाज मालकी, नियंत्रण, पोहोच आणि ताबा ही चार तत्त्वं धरतात. मिगमाकांच्या ज्ञानावर संशोधन करायचं तर मिगमॉ एथिक्स वॉच या समितीपुढे प्रस्ताव ठेवावा लागतो, शिवाय त्या त्या गावाची परवानगी वेगळी. बाहेरच्यांना हा सोपस्कार वाटतो. चांगल्या विस्कोकच्या जागा एकदा खुल्या नकाशावर गेल्या की काय होईल याचा विचार केला तर वाटणार नाही. म्हणून अनुभवी लोक बाहेर द्यायच्या नकाशावर ठिपका देतच नाहीत, पाणलोटाचा मोठा चौकोन रंगवतात.

मोठ्या पातळीवर ‘आदिवासी संरक्षित आणि संवर्धित क्षेत्र’ ही कल्पना २०१८च्या तज्ज्ञमंडळाच्या अहवालाने पुढे आणली. तीन खुणा: नेतृत्व आदिवासींचं, बांधीलकी दीर्घ काळाची, आणि हक्क व जबाबदाऱ्या दोन्ही वर उचललेल्या. प्रिन्स एडवर्ड आयलंडच्या वायव्येची पितुआमकेक ही वाळूच्या टेकड्यांची बेटं २०२४मध्ये राष्ट्रीय उद्यान राखीव झाली, कारभार मिगमाकांबरोबर. ‘राखीव’ शब्द तिथे मुद्दाम असतो. जमिनीवरचा आदिवासी दावा अजून खुला आहे असा त्याचा अर्थ.

‘दीर्घ काळाची’ ही खूण मात्र पैशाशी अडते. निधी बहुधा वर्षा-दोन वर्षांचा येतो, मार्चअखेर हिशेब. विस्कोकचं बी त्या हिशेबात बसत नाही. झाड दरवर्षी बी धरत नाही, मध्ये काही वर्षं कोरडी जातात. पुष्कळ झाडं एकलिंगी, त्यामुळे नर जवळ नसेल तर मादी झाडाला बीच नाही. धरलंच तर सप्टेंबरच्या सुमाराला, पंख हिरव्याचे तपकिरी होताना, घोस काढायचे. निदान पंधरा-वीस वेगवेगळ्या झाडांचं आणि प्रत्येकाचं वेगळ्या पिशवीत. एकाच झाडाच्या बियांनी दलदल भरली तर पुढची सगळी भावंडंच. घरी आणल्यावर मूठभर बी कापून बघायचं. आत पांढरा भरीव गर हवा. बारीक भोक असेल तर टोका लागलेला, पोकळ असेल तर परागणच झालेलं नाही.

जपून ठेवायचं असेल तर नीट वाळवून उणे वीस अंशांवर. फ्रेडरिक्टनच्या राष्ट्रीय वृक्षबीज केंद्रात असंच ठेवतात. पेरायचं असेल तर घाई करून चालत नाही. बी पडतं तेव्हा आतला गर्भ पुरता वाढलेलाच नसतो, म्हणून जंगलात ते दोन हिवाळे जमिनीत काढतं. रोपवाटिकेत तेच घडवायचं. ओल्या वाळूत मिसळून चार महिन्यांच्या आसपास घरातल्या उबेत, मग जवळजवळ तितकाच काळ चार-पाच अंशांच्या थंडीत. वाळू मुठीत दाबली तर गोळा व्हावा, पण पाणी ठिबकू नये. जास्त ओलीने बुरशी येते, आणि कोरडी पडली तर गर्भ पुन्हा थबकतो. उबेचा टप्पा गाळून थेट थंडीत ठेवणं ही हमखास होणारी चूक. वसंतात काहीच उगवत नाही आणि लोक बी खराब होतं म्हणून फेकून देतात. फेकू नये, तेच बी आता उबेत घालून पुढच्या थंडीनंतर बघावं.

थंडीच्या शेवटी पंधरवड्याला पिशवी उघडून बघायची. पांढरं मूळ डोकावलं की त्याच दिवशी पेरायचं, नाहीतर मुळं एकमेकांत गुंततात आणि सोडवताना मोडतात. खुणेची पट्टी पेन्सिलने लिहायची, शाई धुऊन जाते: मातृवृक्षाचा क्रमांक, तोडल्याची तारीख, उबेत आणि थंडीत घातल्याच्या तारखा. दोन वर्षांचं रोप दलदलीत लावताना साचलेल्या पाण्यात नाही तर उंचवट्यावर, आणि भोवती जाळी, कारण ससे पहिल्याच हिवाळ्यात टोक खातात. वाफ्यात एक गोष्ट सांभाळायची. उगवल्यावर पहिल्या दोन पाती लांबट असतात आणि त्यानंतरची पहिली खरी पानंही साधी, एकसंध असतात. पर्णिकांचं ओळखीचं पान नंतर येतं. निंदणाऱ्याला हे आधी दाखवून ठेवलं नाही तर दोन हिवाळ्यांची वाट बघून आलेलं रोप तण म्हणून उपटलं जातं.